गरोदरपण, घरातली पिठी आणि जिन्यातला बोका

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी ते माझ्या शब्दांत थोडक्यात मांडतो, काही चुकीचं समजलो असेन तर कळवा. तुम्हाला तेरावा आठवडा चालू आहे. घरात पिठी नावाची तीन वर्षांची पांढरी मांजर आहे. ती फ्लॅटबाहेर कधी गेलेली नाही, पाकिटातलं खाणं आणि उकडलेलं चिकन खाते. गर्भाला इजा करू शकणाऱ्या संसर्गांसाठी रक्ताची जी टॉर्च तपासणी करतात, तीत टॉक्सोप्लाझ्मा या मांजरांशी जोडल्या जाणाऱ्या जंतूविरुद्धचा आयजीजी (जुन्या लागणीची खूण असलेलं प्रतिपिंड) पॉझिटिव्ह आला, आयजीएम (बहुधा ताज्या लागणीत दिसणारं) निगेटिव्ह. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचूनच सासूबाईंनी मांजर हलवायला सांगितलं आणि यजमान तिला मंडईजवळ सोडून यायला निघाले आहेत. त्यात सुट्टीला गावाहून आलेल्या पुतण्याच्या दंडावर गजकर्णासारखं वर्तुळ उठलं, पिठीच्या कानाच्या टोकाचे केस गेलेले दिसले, आणि सगळ्यांनी दोन्हींचा संबंध जोडला. शेवटी ता. क. म्हणून एक ओळ: ‘परवा जिन्यातल्या बोक्याला हुसकताना त्यानं हातावर ओरबाडलं, थोडं रक्त आलं, हळद लावली.’

मी या ता. क.पासून सुरुवात करतो. अख्ख्या पत्रात आज उठून करण्यासारखं काम तेवढं एकच आहे.

बोका कुणाचा माहीत नाही, त्याला लस मिळाली का माहीत नाही, आणि ओरखड्यातून रक्त आलं. रेबीजच्या हिशेबात ही तिसऱ्या श्रेणीची जखम. धडधाकट कातडीला जनावरानं नुसतं चाटलं तर ती पहिली श्रेणी, त्यात काही करावं लागत नाही. रक्त न येता खरचटलं तर दुसरी, त्यात लस. रक्त आलं की लसही आणि जखमेत सीरमही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं. ‘कुत्रा थोडाच होता डॉक्टर, मांजर तर होतं’ हे वाक्य जनावरांचा डॉक्टर म्हणून मी सव्वीस वर्षं ऐकतोय. आपल्याकडे माणसाला रेबीज बहुतेक वेळा कुत्र्यामुळे होतो हे खरं. पण पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेलं मांजरही पिसाळतं, आणि मांजर दिवसभर पंजे चाटत बसत असल्यामुळे त्याच्या नखांवर लाळ असू शकते.

म्हणून हे वाचून झालं की हात साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. दोन मिनिटांत माणसाला पुरे वाटायला लागतं. दोन दिवस झाले असले तरी धुवा. हळद, चुना, चहापूड काही लावू नका. मग सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा, लस तिथं मोफत मिळते. बहुतेक ठिकाणी ती दोन्ही दंडांत कातडीच्या आत थोडी थोडी देतात: आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत घेतली तर चौदाव्या दिवशीचा एक डोस वाढतो. आजचा दिवस शून्य धरतात, हे लक्षात ठेवा. सीरम जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. दुखतं, पण नको म्हणू नका. पहिल्या डोसच्या वेळी राहून गेलं तर सात दिवसांच्या आत घेता येतं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घ्या. गरोदर असल्यामुळे लस टाळायची का, असं तुम्हाला कुणीतरी नक्की म्हणेल. टाळायची नाही. या लशीतला विषाणू मेलेला असतो आणि गरोदरपणात ती देतात. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र या आजारावर इलाज उरत नाही.

बोक्यावर नजर ठेवता आली तर उत्तम. मांजराच्या आणि कुत्र्याच्या लाळेत हा विषाणू लक्षणं दिसण्याच्या थोडे दिवस आधीपासूनच येतो आणि लक्षणं दिसल्यावर जनावर काही दिवसांतच मरतं. त्यामुळे ओरबाडल्यापासून दहा दिवसांनी बोका ठणठणीत दिसला, तर त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात आणि पुढचे डोस थांबवायचे का हे डॉक्टर ठरवतात. पण दहा दिवस बघू, मग लस घेऊ, असा क्रम लावायचा नाही.

मांजराच्या चाव्याबद्दल इथंच सांगून टाकतो. कुत्र्याचा चावा फाटतो, भरपूर रक्त येतं, माणूस घाबरून दवाखाना गाठतो. मांजराचा सुळा सुईसारखा. वर दोन ठिपके दिसतात आणि आत घाण थेट सांध्यापर्यंत पोचलेली असते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बोक्यानं माझ्या अंगठ्याच्या मुळाशी दात रोवला. दुपारी तीनला. मी डेटॉल लावून पुढची जनावरं तपासली. रात्री अकराला अंगठा वांग्याएवढा, मनगटापर्यंत लाल रेघ, पेन धरता येईना. पाश्चरेला नावाचा जिवाणू बहुतेक मांजरांच्या तोंडात नांदत असतो, त्याची ही करामत. बारा-चोवीस तासांत तो रंग दाखवतो. हाताला किंवा सांध्यावर मांजर चावलं तर सूज यायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा, अँटिबायोटिकचा निर्णय त्यांना घेऊ द्या. आणि ओरखड्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी काखेत गाठ आली, बारीक ताप राहिला, तर मांजरानं ओरबाडल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. बार्टोनेला हा जिवाणू पिसवांच्या विष्ठेतून मांजराच्या नखांत येतो. ओरखड्याची आठवण कुणी करून दिली नाही तर त्या गाठीसाठी नाही नाही त्या तपासण्या होतात.

आता तुमचा रिपोर्ट. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह, तोही पहिल्या तीन महिन्यांतला, याचा साधा अर्थ असा की हा जंतू तुम्हाला पूर्वी कधीतरी, गरोदर होण्याच्या आधी, भेटून गेलाय आणि शरीरानं त्याला ओळखून ठेवलंय. कदाचित लहानपणी, मातीत खेळताना. पिठी तेव्हा जन्मालाही आली नसेल. गर्भाला धोका असतो तो गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर. पहिल्या महिन्यांत अशी लागण बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी, पण पोचली तर इजा मोठी. शेवटच्या महिन्यांत पोचण्याची शक्यता जास्त, इजा बहुधा सौम्य. ज्यांची प्रतिकारशक्ती ठीक आहे त्यांना जुन्या लागणीचं संरक्षण असतं. शेवटचा शब्द तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा, पण त्यांना मोकळेपणानं विचारा. मला खात्री आहे की हा रिपोर्ट पाहून त्या मांजर सोडायला सांगणार नाहीत. उलट दोन्ही निगेटिव्ह आलं असतं तर मी तुम्हाला जास्त नियम सांगितले असते. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. आणि कुणाचा आयजीएम पॉझिटिव्ह आला तरी लगेच हातपाय गाळायचे नाहीत, तो कधी कधी लागणीनंतर कित्येक महिने रेंगाळतो. अशा वेळी अॅव्हिडिटी नावाची तपासणी करून लागण जुनी की ताजी ते पाहतात.

या जंतूचा प्रवास समजून घेतला की निम्मी भीती जाते. टॉक्सोप्लाझ्मा पहिल्यांदा सापडला १९०८ मध्ये, ट्युनिसमध्ये, गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात. त्यात मांजराचा वाटा आहे हे कळायला आणखी साठेक वर्षं गेली. मांजराला तो लागतो लागण झालेला उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन. त्यानंतर एक-दोन आठवडे, फार तर तीन, मांजराच्या शीतून त्याची अंडीवजा बीजं लाखोंनी बाहेर पडतात. मग बंद. बहुतेक मांजरांच्या आयुष्यात हे एकदाच घडतं, आणि तेही साधारण शिकार शिकण्याच्या वयात. बाहेर पडलेलं बीज लगेच लागणही करू शकत नाही. ते पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे पिठीकडून तुम्हाला लागण व्हायची तर पिठीनं आधी उंदीर खायला हवा, मग त्याच पंधरवड्यातली शी ट्रेमध्ये दिवसभर तरी पडून राहायला हवी, आणि ती तुमच्या बोटांवरून तोंडात जायला हवी. पाचव्या मजल्यावर पाकिटातलं खाणाऱ्या मांजरीबाबत हे जमून येणं कठीण. कुरवाळण्यातून, मांडीवर घेण्यातून हा आजार लागत नाही.

मग माणसांना तो लागतो कुठून? कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून, मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून. २००४-०५ मध्ये कोइम्बतूरला अडीचशेच्या आसपास लोकांच्या डोळ्यांत हा आजार उतरला. संशय गेला तो शहराच्या पाणीपुरवठ्यावर. त्यांनी घरात मांजर पाळलं होतं की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

आपल्या स्वयंपाकघरात मला भीती वाटते ती रश्श्याची नाही. कुकरला शिट्ट्या होऊन, तासभर रटरटलेल्या मटणात काही जिवंत राहत नाही. मी पाहतो ती विळी. रविवारी चिकन साफ होतं, विळीचं पातं नुसतं पाण्याखाली धरलं जातं, पाटावरून एक ओलं फडकं फिरतं आणि त्याच विळीवर कोशिंबिरीची काकडी चोचवली जाते. काकडी शिजणार नसते. खिम्याचं मीठ पाहायला कच्चट खिमा जिभेवर ठेवणं हाही तसलाच प्रकार. कोथिंबिरीची जुडी तर मुळांच्या मातीसकट घरात येते. ती भरपूर पाण्यात तीनदा खळबळून काढा. कुंड्यांची माती हलवताना हातमोजे घाला, गच्चीवरच्या कुंड्या शेजारच्या बोक्यांचं आवडतं शौचालय असतात. सोसायटीचं बांधकाम चालू असेल तर रेतीचा ढीगही तसाच. पुतण्याला तिथं किल्ले करू देऊ नका. मांजराच्या जंतांची अंडी त्या रेतीत दोन-चार आठवड्यांत पिकतात आणि लहान मुलांच्या पोटात गेली तर त्यांतल्या अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही भटकतात. पिठीला तीन महिन्यांतून एकदा जंताचं औषध द्या, तिचं वजन करून.

सासूबाईंना हे सगळं सांगताना ‘तुम्हाला काही कळत नाही’ असा सूर नको. त्यांच्या पिढीनं मांजराला घरात पाहिलं ते उंदीर मारणारं, राखेत हगणारं, चुलीजवळ झोपणारं. त्या मांजराबद्दल त्यांची सावधगिरी बरोबरच होती. पिठी त्या जातकुळीतली नाही, एवढंच.

आता गजकर्ण. इथं मी पिठीची वकिली करणार नाही, पण तिला तपासाआधी दोषीही धरणार नाही. मांजरांच्या गजकर्णाची बुरशी, मायक्रोस्पोरम कॅनिस, माणसाला सहज लागते, विशेषतः लहान मुलांना. पिल्लू घरी आणल्यावर पंधरा दिवसांत सगळ्या घराच्या हातावर वर्तुळं उठलेली मी पाहिली आहेत. पण तीन वर्षं घराबाहेर न गेलेल्या मांजरीला बुरशी आली कुठून? मी माझ्या टेबलाशी असतो तर पहिला प्रश्न पुतण्याला विचारला असता: गावाकडच्या गोठ्यात वासरू आहे का, आणि त्याच्या डोळ्याभोवती राखाडी, खपलीचे चट्टे आहेत का? वासरांनाही गजकर्ण होतं, त्याची बुरशी वेगळी, आणि वासराच्या गळ्यात हात टाकून बसणाऱ्या पोरांच्या दंडांवर ती उठते. शिवाय गेली काही वर्षं माणसांत गजकर्णाची जी चिवट साथ चालू आहे ती बहुतांशी माणसाकडून माणसाला जाणारी, टॉवेल आणि कपड्यांमधून. तेव्हा लागण दोन्हीकडून होऊ शकते. पुतण्याकडूनही पिठीला.

पिठीचा कान आधी जवळून पाहा. कडेला जाड खपल्या आणि सतत खाजवणं असेल तर खरूज असू शकते, ती मांजरात कानाच्या कडेपासूनच सुरू होते. पांढऱ्या मांजरीच्या कानाची टोकं उन्हानं भाजतात, आणि खिडकीत लोळायची सवय असेल तर वर्षानुवर्षांच्या उन्हानं तिथं कर्करोगही होतो. केस तुटल्यासारखे, कोंडा, खाज फारशी नाही, असं असेल तर गजकर्णाचा संशय. दवाखान्यात जांभळ्या प्रकाशाचा दिवा लावून पाहतात. बुरशी लागलेले केस सफरचंदी हिरवे चमकतात. पण प्रत्येक वेळी चमकतातच असं नाही, आणि मलम किंवा धूळही फसवी चमकते. म्हणून मी नवा कोरा टूथब्रश घेतो, मांजराच्या अंगभर दोन-तीन मिनिटं फिरवतो आणि तो बुरशी वाढवण्याच्या बशीत टोचून ठेवतो. दोन-तीन आठवड्यांत उत्तर मिळतं. मालकांना हा प्रकार पोरखेळ वाटतो. तो त्यांना शिकवायला मला फार आवडतो.

गजकर्ण निघालंच तर पोटातून औषध आणि अंगाला औषधी आंघोळ, दोन्ही लागतात, आणि नुसते केस उगवले म्हणून थांबायचं नसतं. गळालेल्या केसांतली बुरशी घरात महिनोन् महिने टिकते. गाद्या, सोफा, कंगवा साफ ठेवावे लागतात. ते काम आणि ती औषधं हाताळणं यजमानांनी करायचं, हातमोजे घालून. बुरशीवरची काही औषधं गर्भाला चालत नाहीत. पुतण्याला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून ‘सगळ्यावर चालणारं’ ट्यूबमधलं मिश्रण आणू नका. त्यात स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, लाली जाते, आणि बुरशी आतून पसरत राहते. या ट्यूबांनी आपल्याकडे जे नुकसान केलंय ते सगळ्या मांजरांनी मिळून केलं नसेल.

बाकीचं भराभर. मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, हे खरं नाही. अॅलर्जी असते ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनाची, केस हे त्याचं वाहन. ज्याला अॅलर्जी आहे त्याला केस न गिळताही शिंका येतात, ज्याला नाही त्याला काही होत नाही. मांजरांचा पार्व्हो म्हणतात तो आजार, मांजरांची सर्दी, मांजरांचा एड्स म्हणून ओळखला जाणारा विषाणू, यांतलं काही माणसाला लागत नाही. मांजरांचा कोरोना, ज्यानं पोटात पाणी होतं, तोही नाही. २०२० मध्ये ‘कोरोना’ हे नाव ऐकून लोकांनी मांजरं रस्त्यावर सोडली. कोव्हिड मात्र माणसाकडून मांजराला झाल्याची उदाहरणं आहेत.

कच्चं चिकन पिठीला कधीही देऊ नका, कौतुकानंसुद्धा. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले. पाठोपाठ छिंदवाड्यात घरगुती मांजरांतही तो विषाणू सापडला. मांजरकुळाला हा आजार फार जड जातो. उकडलेल्या चिकनला काही भीती नाही, तुम्ही देताय ते बरोबर आहे.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. घरात कुणाला ताप आला आणि पिठीही मरगळलेली दिसली, तर माणसाची गोळी अर्धी करून तिला देऊ नका. पॅरासिटामॉल पचवायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नाही. पाचशेची एक गोळी मांजर मारायला पुरते. हिरड्या तपकिरी होतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. दरवर्षी पावसाळ्यात अशी दोन-तीन मांजरं टेबलावर येतात. देणारी माणसं प्रेमळच असतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषधही मांजराला चालत नाही, पाकिटावर मांजराचं चित्र आहे का ते पाहून घ्या. पिसवा आहेत का हे पाहायचं असेल तर तिचे केस पांढऱ्या ओल्या कागदावर विंचरा. पडलेले काळे कण पाण्यात विरघळून लालसर झाले तर ती पिसवांची विष्ठा. ते तिचंच पचलेलं रक्त असतं.

ट्रेचं काम आता यजमानांकडे. रोज, न चुकता, कारण बीज पिकायला किमान एक दिवस लागतो हे वर सांगितलंच. ट्रे उकळत्या पाण्यानं धुवायचा. या बीजांवर ब्लीच आणि फिनेल चालत नाही, नुसता वास येतो. तुमचा रिपोर्ट पाहता हा नियम तुमच्यासाठी जरा जास्तच कडक आहे, पण यजमान मांजर मंडईत सोडायला तयार होते, त्यामानानं रोजचा एक खुरपा माती काढणं त्यांना जड जाऊ नये. मंडईत सोडलेली घरातली मांजर आठवडाभरात कुत्र्यांच्या तोंडी किंवा गाडीखाली जाते, हे त्यांना माझ्या नावानं सांगितलंत तरी चालेल.

आणि दवाखान्यातून परत येताना जिन्यात तो बोका दिसला तर लांबूनच मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, कानाची किंवा शेपटीची काही ठळक खूण असेल तर तीही. दहाव्या दिवशी वॉचमन ‘हो ताई, इथंच तर बसलाय’ म्हणेल, आणि प्रत्येक सोसायटीत पिवळे बोके किमान तीन असतात.